कासवाच्या पाठीवरचा ट्रान्समीटर कुणाशी बोलतो?

आमच्या वरवंडमध्ये मोठं पाणी म्हणजे व्हिक्टोरिया तलाव. समुद्र फार लांब. तरी आज विषय समुद्राचाच आहे, आणि तो समजायला दौंड जंक्शन उपयोगी पडणार आहे.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि गुहागरला अंडी घालायला आलेल्या पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचं हे काम. माद्यांना नावंही दिली: प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी.

जागा कळते कशी?

मोबाइलचं जीपीएस सॅटेलाइटचं ऐकतं आणि आपली जागा काढतं. इथं उलटं असतं. कासवाचा ट्रान्समीटर बोलतो आणि शेकडो किलोमीटर वरून जाणारा सॅटेलाइट ऐकतो. दौंडला हॉर्न देत येणारी गाडी आठवा. जवळ येताना आवाज चढा, पुढं गेली की उतरतो; हॉर्न मात्र तोच. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. सॅटेलाइट जवळ येताना आणि लांब जाताना सिग्नलची फ्रिक्वेन्सी तशीच बदलते. त्या फरकावरून कासवाची जागा काढतात. या यंत्रणेचं नाव आर्गोस.

अडचण एकच: रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. कासव श्वास घ्यायला वर आलं, अँटेना पाण्याबाहेर आली, तरच सिग्नल जातो. उत्तर पॅसिफिकमधल्या एलिफंट सीलवरही हीच युक्ती वापरतात. ते वीस-वीस मिनिटं बुडी मारतात आणि जेमतेम दोन मिनिटं वर येतात. तेवढ्यातच काम उरकायचं!

सिग्नल बंद झाला तर?

लक्ष्मीचा सिग्नल मार्चमध्येच थांबला. पण सिग्नल थांबला म्हणजे कासव मेलंच असं धरता येत नाही. बॅटरी संपते, अँटेना मोडते, किंवा कासव जाळ्यातही अडकतं. सॅटेलाइटला यातलं काहीच कळत नाही.

मग कळलं काय?

सावनी त्याच हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालून गेली. म्हणजे किनाऱ्यावर दहा घरटी मोजली, तर माद्या दहाच असतील असं नाही. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली बागेश्री थेट श्रीलंकेपर्यंत गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक मादी आली, तिच्या अंगावर ०३२३३ नंबरची साधी धातूची पट्टी होती. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली. ना बॅटरी, ना सॅटेलाइट; तरी पूर्व किनाऱ्याचं कासव पश्चिमेला येतं हे त्या पट्टीनं दाखवून दिलं.

कोकणातली गावं घरटी राखतात, पिल्लं समुद्रात सोडतात. पण मोठी झालेली मादी कितीतरी राज्यांच्या मासेमारीच्या पाण्यातून फिरते. जाळी कुठं आणि कोणत्या महिन्यात सांभाळायची, हे ठरवायला हे नकाशे लागतात. मला तरी या सगळ्या खटाटोपाचं मोल तिथंच दिसतं.

भेटू पुढच्या भागात!