मोटारीचा ब्रेक आणि रंगाचा डबा

भिलाईच्या दक्षिणेस दल्ली-राजहरा येथे लोहखनिजाचे तांबडे डोंगर आहेत. त्या तांबड्या दगडात लोखंड आणि प्राणवायू यांची घट्ट गाठ बसलेली असते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून ही गाठ सोडविण्याचा उद्योग तेथे अहोरात्र चालू आहे. कोक जळून उत्पन्न होणारा वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. परंतु लोखंडाला ही मोकळीक फार काळ मानवत नाही. पावसाळ्यातील ओल लागली की ते पुन्हा प्राणवायूशी संधान बांधते. व्यवहारात यालाच गंज म्हणतात. भट्टीने जे तोडले ते हवा हळूहळू जोडू पाहते, एवढाच त्याचा अर्थ.

भिलाईच्या सेक्टरांतून क्वार्टरांपुढे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींना याचा प्रत्यय दर चौमाशात येतो. वरच्या पत्र्याला रंगाचे कवच असते. उघडी पडतात ती चाकाआडची ओतीव लोखंडाची अंगे. चाकांवर पत्र्याची झाकणे होती तोवर ती कोणाच्या दृष्टीस पडत नसत. आताच्या जाळीदार चाकांतून मात्र ती थेट रस्त्यावर डोकावतात. तपकिरी पोपडे धरलेला कॅलिपर पाहून हौशी मालक ओशाळतो, आणि शर्यतीच्या मोटारींचे लालभडक कॅलिपर आठवून रंगाचा डबा घेऊन येतो. हौस वाईट नव्हे. वस्तुतः वरवरच्या गंजाने जाडजूड कॅलिपरचे सहसा काही बिघडत नाही; बिघाड होण्याचा संभव अधिक आहे तो अस्थानी लागलेल्या रंगाने. घरातील माणसांचे प्राण ज्या यंत्रावर विसंबलेले, तेथे रंग कोठे लावू नये हे आधी कळले पाहिजे.

त्यासाठी कॅलिपरचे काम समजून घ्यावे लागेल. चाकाबरोबर बिडाची एक चकती फिरत असते. तिला दोन्ही अंगांनी कवेत घेऊन बसलेला चिमटा म्हणजे कॅलिपर. पायाने पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे लोटतो आणि आतला पॅड चकतीला भिडतो. नेहमीच्या मोटारींत पिस्टन एकाच बाजूस असतो; त्याच्या दाबाच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून किंचित मागे सरकतो आणि बाहेरचा पॅडही चकती धरतो. तेव्हा हे सरकणे निर्वेध राहिले पाहिजे. पिनांवर किंवा पॅडच्या खाचेत रंग साचला तर कॅलिपर अडकतो. मग एकच पॅड झिजत राहतो, चाक तापते, मोटार एका बाजूस ओढते.

अशा ब्रेकचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते. त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, जग्वार मोटारीने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्याच्या बळावर जिंकली तेव्हा. आपल्याकडील पुष्कळशा लहान मोटारींना आजही पुढे चकतीचे आणि मागे ड्रमचे ब्रेक असतात. मागच्या चाकांत कॅलिपर दिसला नाही तर गोंधळून जाऊ नये.

ब्रेक लावताना मोटारीच्या गतीची शक्ती उष्णतेत पालटते. लांब घाटउतारावर चकती कित्येक शे अंश सेल्सियसपर्यंत तापू शकते आणि तिची धग कॅलिपरला लागते. यास्तव खिडक्यादारांचा ऑइलपेंट येथे कामाचा नाही. तो काळवंडून सोलतो. उच्च तापमान सोसणारा, कॅलिपरसाठीच बनविलेला रंग घ्यावा. हवामानही पाहावे. भिलाईत आषाढ-श्रावणात रंग नीट वाळत नाही, आणि वैशाखाच्या उन्हात तो पसरण्यापूर्वीच सुकतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम.

काम सपाट, टणक जमिनीवर करावे. मातीच्या अंगणात जॅक रुततो. उरलेल्या चाकांना ओंडके लावावे, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल करावे, आणि जॅकने उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीजवळ बसणे हा शुद्ध अविचार होय. चाक निघाल्यावर ब्रेकची भुकटी फुंकरीने अथवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुफ्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे, मग तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा आणि ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवावा. चकती, पॅड, पिना, पिस्टनभोवतीचे रबर, तेलाची नळी आणि हवा काढण्याचा स्क्रू हे सारे टेप व कागदाने झाकावे. रबरी नळी सोडवू नये. एक जाड थर देण्याचा मोह आवरून पातळ दोन-तीन थर द्यावे, आणि दोन थरांमध्ये डब्यावर लिहिलेला अवधी जाऊ द्यावा. ब्रेक ऑइल रंगाला खाऊन टाकते. त्याचा थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा.

या खटाटोपाचा खरा लाभ रंगाचा नाहीच. चाक उघडले म्हणजे एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: पॅड किती उरला, रबर चिरले काय, नळीवर ओल आहे काय. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलासाठी तो किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळून वाफ झाली की पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस असते.

बॉनेटखालच्या सफाईलाही हाच न्याय. आपल्याकडे डिझेलचे फवारे मारून इंजिन चकचकीत करण्याची रीत अद्याप आहे. डिझेलने रबर फुगते आणि मागे राहिलेला ओशटपणा धूळ धरतो. शिवाय आगीचे भय. इंजिन पुरते थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडावी, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी व हवेचे तोंड प्लॅस्टिकने झाकावे. पाण्यात मिसळणारे तेलकटनाशक लावून मऊ ब्रशाने घासावे आणि बेताच्या पाण्याने अथवा ओल्या फडक्यानेच निपटावे. प्रेशर पंपाचे पाणी विजेच्या जोडांत शिरते.

सर्व काही कोरडे झाल्यावर चाके बसवावी, नट आडवे-तिडवे आवळावे आणि गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहावे. पहिले दोन-तीन ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, मंद गतीने लावावे. पन्नासएक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासावे आणि बॉनेट उघडून पाहावे. स्वच्छ इंजिनावर तेलाचा एखादा ताजा ओघळ दिसला, तर गळती कोठे आहे ते मेकॅनिकला बोटाने दाखविता येते.