संगणकाचा गट-प्रकल्प : गुण सर्वांना, ज्ञान कोणाला?

आपल्या सभासदांच्या घरांतील अनेक मुले-मुली आज बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र, एम.सी.ए. किंवा अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत शिकत आहेत. या अभ्यासक्रमांत सहसा शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. बहुतेक ठिकाणी तीन-चार विद्यार्थ्यांचा गट करून त्यांच्याकडून एक पूर्ण सॉफ्टवेअर तयार करून घेतले जाते. "चौघांनी मिळून एकच काम करायचे, तर परीक्षा नेमकी कोणाची?" असे पालक विचारतात. हा प्रश्न अगदी रास्त आहे.

प्रथम हे काम गटाने का करायचे ते पाहू. मोठे सॉफ्टवेअर एकट्या माणसाच्या आवाक्यातले नसते. म्हणून नोकरीत गेल्यावर गटातच काम करावे लागते. परंतु माणसे वाढवली की काम त्याच प्रमाणात लवकर होते असेही नाही. आय.बी.एम. कंपनीत सिस्टिम/३६० या संगणकाच्या कार्यप्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर त्याला अधिकच उशीर होतो, असा नियम त्यांनी त्यात मांडला. कारण सोपे आहे. नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसात बोलण्याच्या जोड्याही वाढतात. दोघांत एक जोडी असते, चौघांत सहा होतात आणि दहा जणांत तब्बल पंचेचाळीस!

समजा, एका गटाने महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर करायचे ठरवले. एकाने सभासद-नोंदणीचा भाग केला आणि सभासद क्रमांकात अक्षर व अंक दोन्ही घेतले. दुसऱ्याने पुस्तक देण्याघेण्याचा भाग करताना तो क्रमांक केवळ अंकांचा धरला. दोघांचे भाग वेगवेगळे उत्तम चालतील, पण एकत्र जोडताच अडतील. म्हणून कोणती माहिती कोणत्या स्वरूपात ठेवायची हे आरंभीच कागदावर ठरवावे, आणि शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता तयार झालेले भाग दर आठवड्याला जोडून पाहावेत.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची आहे. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून प्रयोग केले. ते १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला, असे त्यांना आढळले. प्रकल्पातही असेच घडते. ज्याच्या घरी संगणक आहे आणि ज्याला आधीपासून येते, तो सर्व आज्ञावली लिहून मोकळा होतो. बाकीच्यांच्या वाट्याला अहवाल टाइप करणे, झेरॉक्स काढणे आणि बाइंडिंग करून आणणे एवढेच उरते. घरात प्रथमच कोणी महाविद्यालयात गेलेले असेल, इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल, तर असा विद्यार्थी हे दुय्यम काम मुकाट्याने स्वीकारतो. कधी कधी सगळा गटच बाजारातून तयार प्रकल्प विकत आणतो. गुण मिळतातही. मात्र नोकरीच्या मुलाखतीत "यात तुम्ही स्वतः काय केले?" असे विचारले, की उत्तर सुचत नाही. तीन वर्षांची फी आणि आईवडिलांचे कष्ट त्या एका प्रश्नापाशी अडतात.

विद्यार्थी मित्रांनो, यावर उपाय आहेत. कामाची वाटणी 'तू आज्ञावली लिही, मी अहवाल लिहितो' अशी करू नका. प्रत्येकाने एक काम मुळापासून शेवटपर्यंत घ्यावे. उदाहरणार्थ, पुस्तक परत घेणे व दंड आकारणे याचा पडदा, त्यामागील माहितीचे तक्ते, आज्ञावली आणि चाचणी हे सर्व एकाने करावे. अहवालात आपापल्या भागाचे प्रकरण ज्याने त्याने लिहावे.

बँकेत एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो. तीच पद्धत येथे ठेवा. आपली आज्ञावली सोबत्याला वाचायला द्या आणि त्याची आपण वाचा. ज्याला कमी येते तो वाचूनही पुष्कळ शिकतो.

कामाची नोंद राहावी म्हणून 'गिट' वापरा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले हे साधन विनामूल्य आहे. कोणता बदल कोणाच्या नावाने, कोणत्या दिवशी झाला हे त्यात नोंदले जाते. मात्र प्रत्येकाने आपले काम आपल्याच नावाने त्यात भरावे. घरी संगणक नसेल तर प्रयोगशाळेची वेळ आधी मागून घ्या. वाटणी अन्यायाची वाटली तर ते मार्गदर्शक शिक्षकांना पहिल्या महिन्यातच सांगा. अखेरीस केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही.

पालकांनी आणि सभासदांनीही एक करावे. संगणक येत नसला तरी चालेल. "किती गुण मिळाले?" एवढेच न विचारता "तू केलेला भाग मला चालवून दाखव," असे मुलांना सांगावे. आपल्याला समजेल अशा शब्दांत मुलाला किंवा मुलीला तो भाग सांगता आला, तर प्रकल्प खरोखर त्यांचा झाला असे समजावे.