भाकर, वतन आणि स्वर्ग : नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा मागोवा

श्रद्धेचे फळ या लोकी मिळते की परलोकी, आणि या लोकी मिळत असल्यास ते धान्याच्या, आरोग्याच्या किंवा पैशाच्या रूपाने मागणे श्रद्धावंताला शोभते काय, हा प्रश्न ईयोबाच्या कथेइतका पुरातन आहे. त्या कथेत सैतान देवापुढे हाच आक्षेप ठेवतो की, घरदार, गुरेढोरे आणि लेकरे मिळाल्यावर देवाचे भय बाळगण्यात ईयोबाचे असे मोठे काय आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस नगर शहरात आपले ठाणे केले, तेव्हापासून आजतागायत, म्हणजे अहमदनगराचे अहिल्यानगर होईपर्यंतच्या या दीर्घ कालखंडात, हा आक्षेप या जिल्ह्यातील ख्रिस्ती माणसाच्या पाठीशी सतत उभा राहिला आहे, आणि त्याला मिळालेली उत्तरे प्रवचनांपेक्षा लोकांच्या आयुष्यक्रमातच अधिक स्पष्ट वाचता येतात.

प्रारंभीच्या धर्मांतरितांपुढे लाभाचा प्रश्नच नव्हता. १८३९ साली बाप्तिस्मा घेणारे हरिपंत खिस्ती यांच्यासारख्या ब्राह्मण तरुणांना ख्रिस्ताच्या मागे जाणे म्हणजे पंगत, आप्तमंडळी आणि वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क यांवर पाणी सोडणे होते. पतिताला वारसा नाही, असे शास्त्र सांगत होते, आणि १८५० सालच्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडणार नाही अशी तजवीज केली, तोवर कचेरीतूनही त्यांना दाद मिळणे दुरापास्त होते. कायदा झाल्यानंतरही गावाने घातलेला बहिष्कार कोणत्या फर्मानाने उठणार? त्यांच्या बाबतीत प्रलोभनाची भाषा त्या काळी कोणी केली असेल, तर ती केवळ द्वेषाची भाषा होती.

महारवाड्यात आणि मांगवाड्यात मात्र या प्रश्नाला निराळे वजन आले, आणि ते प्रामाणिकपणे तोलले पाहिजे. वडाळे, राहुरी, शेवगाव या बाजूच्या गावांतून जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांना बलुत्यावर, वतनी हक्कांवर आणि पाटलाच्या मर्जीवर जगावे लागत होते. शाळा, लेखनवाचन, आजारपणात औषध आणि मामलेदाराच्या कचेरीपुढे ताठ मानेने उभे राहण्याचे धैर्य या गोष्टी त्यांना मिशनच्या सान्निध्यात मिळाल्या. या गोष्टी ऐहिक आहेत, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला, आपणही देवाच्या प्रतिमेचे आहोत असे जेव्हा प्रथम कोणी सांगते, तेव्हा त्या वचनातला आत्मिक अंश कोणता आणि ऐहिक कोणता हे वेगळे काढण्याचा अधिकार, ज्याला वेशीच्या आत घर मिळाले आहे त्याला आहे, असे मला वाटत नाही. शिवाय बलुते थांबण्याचे भयही त्याच कुटुंबांना होते.

मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर जिल्ह्यातील भुकेले लोक खपत होते, सरकारी कामावरच्या मजुरीचा दर हा इलाख्यात वादाचा विषय झाला होता, आणि याच काळात एस. पी. जी. या इंग्लिश मंडळीचे काम नगरच्या खेड्यांत फोफावले आणि जेझुइट फादरांचे राहुरीजवळच्या केंदळ येथे आगमन झाले. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली, आणि तिच्याबरोबर ‘पोटासाठी धर्म’ हा शब्दप्रयोगही वाढला. मिशनऱ्यांनाही हे शल्य होते. तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लाउ या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने कालव्याच्या कामावर हजारो दुष्काळग्रस्तांना मजुरी दिली, परंतु दुष्काळ चालू असता बाप्तिस्मा देण्याचे नाकारले. आणि पुढे ३ जुलै १८७८ रोजी एकाच दिवशी २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. इतकी सावधगिरी बाळगूनही आक्षेप थांबला नाही. पण शुभवर्तमानात पाहिले तर येशूने पाच हजारांना आधी जेवू घातले आणि दुसऱ्या दिवशी, तुम्ही भाकरीसाठी मला शोधता, अशी त्यांची कानउघाडणी केली. जेवण्याआधी कोणाचा हेतू तपासला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भुकेला मनुष्य अन्न देणाऱ्याकडे जातो, हा त्याचा दोष कसा? पाहावयाचे असेल तर, पाऊस पडून सुगी आल्यानंतर आणि अन्नछत्रे उठल्यानंतर कोण टिकले, हे पाहावे. नगरच्या खेड्यांतील मंडळ्या टिकल्या.

भाकरीप्रमाणेच स्वर्गाच्या प्रश्नालाही याच जिल्ह्याशी निगडित असलेला एक विलक्षण इतिहास आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम हे मुंबईत जन्मलेले, १८७४ पासून नगरला काम करणारे आणि १८७८ साली तेथे धर्मशिक्षणाची पाठशाळा उभारणारे मिशनरी. सुवार्ता कधीच कानी न पडलेल्या मृतांचे काय, ज्यांनी येशूचे नावही ऐकले नाही ते आमचे आजे-पणजे कायमचे नरकात गेले काय, हा प्रश्न श्रद्धावान पूर्वजपूजक समाजात धर्मोपदेश करणाऱ्यापुढे येणे अटळच आहे. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असता अँडोव्हर येथील समारंभात ह्यूम यांनी, अशा जिवांना मृत्यूनंतर ख्रिस्ताला ओळखण्याची संधी मिळू शकेल या मताला सहानुभूती दर्शविली, तेव्हा मिशनची चालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाने त्यांना परत हिंदुस्थानात पाठविणे लांबणीवर टाकले. खल होऊन १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि ते नगरला परतले. स्वर्गाचे दार कोणासाठी उघडे आहे, या प्रश्नावर स्वतःची नोकरी पणाला लावणाऱ्या या मनुष्याला १९०१ साली दुष्काळनिवारणाच्या कार्यासाठी कैसर-इ-हिंद पदक मिळाले. परलोकाविषयी उदार असलेला मनुष्य इहलोकातील भुकेविषयीही जागरूक होता, आणि माझ्या मते या दोहोंचा उगम एकच होता.

त्यांच्याच सहवासात नगरला राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी श्रद्धा आणि लाभ यांच्या प्रश्नाचे सर्वांत निर्भीड उत्तर दिले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी, पुत्र आणि आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षांनी परतल्या आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात राहते ते हेच की या घरात पैसा येई आणि कोणाच्या तरी गरजेपुढे निघून जाई, आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना तेथे आसरा मिळे. परंतु मिशनकडून मिळणाऱ्या वेतनाचेच त्यांना ओझे वाटू लागले. पगारी उपदेशकाचे वचन ऐकणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न करते, हे त्यांनी ओळखले, आणि १९१७ साली वेतन सोडून, ख्रिस्ती संन्यासी होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ स्थापिला. बक्षिसाची आशा सोडून देवाची भक्ती करणे ही कल्पना वारकरी संस्कारात वाढलेल्या मराठी मनाला नवी नव्हती. टिळकांनी ती ख्रिस्ताच्या चरणी वाहिली.

याउलट, गाऱ्हाणे घालणे आणि नवस बोलणे हेही आपल्या मातीचेच आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे, बेलापूर कंपनीच्या साखरकारखान्यामुळे वसलेल्या परिसरात, १९४९ पासून दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. अपत्य, नोकरी, सांधेदुखी, मुलीचे लग्न अशी मागणी घेऊन लोक मेणबत्त्या लावतात, आणि त्यांत बिगरख्रिस्तीही असतात. आईपुढे मागणे घातल्याने श्रद्धा हीन होत नाही, असे मी मानतो. भय वाटते ते अलीकडच्या त्या उपदेशाचे, जो दान हे बियाणे म्हणून पेरायला सांगतो, शंभरपट पीक येईल असा वायदा करतो, आणि पीक न आल्यास शेतकऱ्याच्याच विश्वासात खोट काढतो. अवर्षणग्रस्त तालुक्यांतील गरिबाला हे सांगणे ही क्रूरता आहे. त्याच्या दारिद्र्यावर पापाचाही शिक्का बसतो.

त्यापेक्षा याच जिल्ह्यातले जामखेड पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, दलित आणि निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले, आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. बाळंतपणात वाचलेली माता कोणत्या धर्माची, हे त्या सेविकांनी विचारले नाही.

आणि शेवटी दप्तरातला एक कागद. ऑगस्ट १९५० मधील अनुसूचित जातींच्या आदेशाने शिष्यवृत्ती, राखीव जागा अशा सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या लाभल्या, पण ख्रिस्ती झालेल्या महाराला किंवा मांगाला महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांतच जागा आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा भेद दूर करण्याची शिफारस केली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात याच प्रश्नाच्या चौकशीसाठी बालकृष्णन आयोग नेमण्यात आला. दरम्यान, शाळेच्या दाखल्यावर धर्म बदलून लिहिल्यास मुलाला शिष्यवृत्ती आणि राखीव जागा मिळेल, हे ठाऊक असूनही नगर जिल्ह्यातील कितीतरी आईबापांनी ‘ख्रिस्ती’ हाच शब्द लिहविला आहे. काहींनी तो लिहविला नाही, आणि लेकराच्या भवितव्यासाठी केलेल्या त्या निर्णयाला नावे ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही.