शहरांकडे जाणारा आशिया आणि आपला जिल्हा

आशिया खंड शहरी होत आहे हे आता सर्वपरिचित आहे. परंतु प्रत्येक देशाची गती निराळी. दक्षिण कोरियात १९६० साली सुमारे २८ टक्के लोक शहरांत राहत; १९९० पर्यंत हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या घरात गेले. चीनमध्ये १९७८ साली ते १८ टक्के होते, २०११ मध्ये निम्म्याच्या वर गेले. भारताला १७ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येण्यास १९५१ ते २०११ अशी साठ वर्षे लागली. २०११ मध्ये महाराष्ट्र ४५ टक्के शहरी होता. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला जिल्हा मात्र अवघा २० टक्के.

शहरी लोकसंख्या तीन मार्गांनी वाढते: शहरात होणारे जन्म, बाहेरून येणारी माणसे आणि गावालाच मिळणारा शहराचा दर्जा. तिसऱ्या मार्गाकडे सहसा लक्ष जात नाही. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि ७५ टक्के मुख्य पुरुष कामकरी शेतीबाहेर, या अटी पूर्ण होताच ग्रामपंचायत असलेले गावही जनगणनेत शहर ठरते. (स्त्रियांच्या श्रमाला या कसोटीत स्थान नाही!) अशी 'जनगणना नगरे' २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेवर कठोर टीका केली होती. आपल्या समाजाने शहर गाठले ते केवळ मजुरीसाठी नव्हे, हे त्यातून उमगते. पिंपरी-चिंचवड, मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ते वेगळे सांगायला नको.

मात्र पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कुटुंबांचे स्थलांतर या आकड्यांत नीट उतरत नाही. ती शहरात जात नाहीत. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, ऐन तोडणीत झाली. त्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्यांना जेथे सापडतील तेथे मोजावयाचे, असा नियम होता. म्हणजे आईवडील फडावरच्या कोपीत मोजले जाणार, मूल वसतिगृहात, आणि ज्या गावी त्यांचे घर व मतदान, तेथील लोकसंख्येत तिघेही नाहीत. गावाच्या पाण्याचे, शाळेचे नियोजन याच आकड्यावर होते.

पुढील गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हावयाची आहे. तेव्हाही कोयते फडातच असतील.