लॉग आउटचं बटण नसलेला खेळ : ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’वर प्रेक्षक इतके का भांडतात?



आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, साठी ओलांडलेल्या फौजी माणसाला जपानी कार्टूनचं काय पडलंय? पहिलं कारण असं की, तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा की बडोद्यात, घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ॲनिमे बघत असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते काय बघतात हे आपल्याला ठाऊक असावं. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. ज्या मालिकेबद्दल आज बोलणार आहे, तिच्यावर प्रेक्षक गेली कित्येक वर्षं हिरीरीने भांडताहेत. ते भांडण मृत्यू, नियम आणि नेतृत्व यांवरून आहे, आणि या तीन गोष्टींत माझी उभी नोकरी गेली.

आधीच सांगतो, पुढे गोष्टीतली बरीच गुपितं फुटणार आहेत.

गोष्ट काय आहे?

‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ ही मूळ रेकी कावाहारा या लेखकाची कादंबरी. २००२च्या सुमारास त्यांनी ती टोपणनावाने इंटरनेटवर लिहायला घेतली. पहिलं छापील पुस्तक आलं एप्रिल २००९मध्ये आणि ॲनिमे आलं जुलै २०१२मध्ये. पहिल्या पर्वाचे २५ भाग आहेत.

गोष्ट सुरू होते ६ नोव्हेंबर २०२२ या तारखेला. लिहिली तेव्हा ती भविष्यातली तारीख होती. त्या दिवशी एक नवा खेळ सुरू होतो. डोक्यावर ‘नर्व्हगिअर’ नावाचं शिरस्त्राण चढवायचं, की शरीर पलंगावर निपचित पडून राहतं आणि माणूस मनाने थेट खेळात. दहा हजार लोक आत शिरतात. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येतं, की यादीत बाहेर पडायचं बटणच नाही. मग खेळाचा निर्माता अकिहिको कायाबा आकाशातून घोषणा करतो. शंभर मजल्यांचा हा तरंगता किल्ला, ‘आइनक्राड’, सर केलात तर सुटका. आत मेलात तर ते शिरस्त्राण तुमचा मेंदू भाजून काढेल. बाहेरून कुणी ते ओढून काढलं तरी तेच होईल. घरच्यांनी घाबरून ते काढल्यामुळे घोषणेच्या आधीच २१३ जण मेलेले असतात.

नायक किरितो तेव्हा १४ वर्षांचा आहे. दोन वर्षांनी, ७५व्या मजल्यावर, हा खेळ संपतो. तोवर सुमारे चार हजार माणसं गेलेली असतात.

पहिली प्रतिक्रिया : छातीत धस्स होणं

पहिला भाग पाहून प्रेक्षक थक्क झाले, यावर चाहते आणि टीकाकार दोघांचंही एकमत आहे. खेळात अडकण्याची कल्पना नवी नव्हती. २००२च्या ‘डॉट हॅक साइन’ या मालिकेतही एका पात्राला खेळातून बाहेर पडता येत नाही. इथे धक्का बसतो तो हिशेबाच्या स्वच्छपणाने. खेळात मेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू, ही मुलांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. ती सोय कथेने एका झटक्यात काढून घेतली.

फौजेत आम्ही सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या भूभागावर, लढाईचा सराव करायचो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ आला, ही परंपरा तिथवर मागे जाते. त्यात एक पंच असतो. तो म्हणाला तुमची तुकडी गारद, की झाली गारद. पण संध्याकाळी ती ‘गारद’ तुकडी लंगरमध्ये जेवायला हजर असते. म्हणूनच सरावात माणूस जो धोका हसत पत्करतो, तो खऱ्या मोर्चावर दहा वेळा विचार करून घेतो. या मालिकेने सरावाचं मैदान आणि खरा मोर्चा एक करून टाकला. प्रेक्षकाला धस्स होतं ते त्यामुळे.

दुसरी प्रतिक्रिया : एवढी घाई कशाला?

दोन वर्षं आणि ७५ मजले एवढा पसारा ॲनिमेने १४ भागांत उरकला. एका भागात पहिला मजला, पुढच्या भागात महिने उलटलेले, मग थेट पस्तिसावा मजला. प्रेक्षक चिडले. लोक जगले कसे, भाकरी कशी कमावली, वर चढायचं कुणी ठरवलं, हे त्यांना पाहायचं होतं.

घाईचं कारण मूळ पुस्तकात सापडतं. पहिली कादंबरी शेवटाच्या आसपासच घडते. मधल्या काळातल्या कथा लेखकाने नंतर लिहिल्या. ॲनिमेने त्या सगळ्या तारखांच्या क्रमाने मांडल्या, म्हणून मधली भोकं उघडी पडली. पुढे ऑक्टोबर २०१२पासून लेखकाने ‘प्रोग्रेसिव्ह’ ही वेगळी पुस्तकमाला सुरू केली आणि एकेक मजला सावकाश सांगायला घेतला. त्यावरचा पहिला चित्रपट २०२१मध्ये आला. ज्यांना घाई खटकली, त्यांनी तो जरूर पाहावा.

घाईतही एक भाग मात्र प्रेक्षकांच्या मनातून जात नाही, तो तिसरा. किरितो आपली खरी ताकद लपवून एका कच्च्या, हसतमुख टोळीत सामील होतो. २७व्या मजल्यावर ती टोळी सापळ्याच्या खोलीत अडकते. निसटून जायचे स्फटिक तिथे चालत नाहीत. बाकी सगळे मरतात, किरितो वाचतो. साची नावाच्या घाबरट मुलीने आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला निरोप त्याला नाताळच्या रात्री मिळतो. आपल्या माणसांना आपली खरी स्थिती न सांगणं हा नेत्याचा गुन्हा कसा ठरतो, हे मी जवानांना तासभर बोलून जेवढं सांगू शकलो असतो, तेवढं इथे वीस-बावीस मिनिटांत पोचतं.

तिसरी प्रतिक्रिया : नियम मोडलात!

सगळ्यात मोठा राग इथे आहे. किरितोला दोन तलवारींचं असं कौशल्य मिळतं, जे खेळात दुसऱ्या कुणाकडेच नाही. हजारो लोक खेळतात त्या खेळात असं असमतोल हत्यार एकालाच कुणी देत नाही, हे खेळ खेळणारा पोरगा लगेच सांगेल. शेवटच्या झुंजीत तर कहर होतो. नायिका असुना शरीर लुळं पडलेलं असताना उठते आणि किरितोच्या आड येते. किरितोचा जीवनांक शून्यावर गेल्यावरही तो एक घाव घालतो. चाहते म्हणतात, इच्छाशक्तीने यंत्रावर मात केली. टीकाकार म्हणतात, मग इतके दिवस आम्ही कोणत्या नियमांवर विश्वास ठेवून घाबरत होतो?

या भांडणात मी टीकाकारांच्या बाजूचा आहे. पंचाचा शब्द शेवटचा, हे एकदा ठरलं की तो सगळ्यांना सारखा लागू हवा. साचीच्या इच्छाशक्तीत काय कमी होतं? ती मेली, कारण नियम नियम होता. नायकासाठी तो वाकवला, की मागच्या सगळ्या मृत्यूंची किंमत उतरते. प्रेक्षकाचा राग मला तरी त्या मेलेल्यांच्या बाजूचा वाटतो.

‘तू हे सगळं का केलंस?’ असं विचारल्यावर कायाबा म्हणतो, कारण मी कधीच विसरून गेलो. मग लहानपणापासून मनात असलेल्या त्या तरंगत्या किल्ल्याबद्दल बोलतो. चार हजार माणसं मारणाऱ्याचं हे उत्तर अनेकांना पोकळ वाटलं. मला ते भयंकर पण पटण्याजोगं वाटतं. मोठ्या संहारामागे तेवढंच मोठं कारण असावं, ही आपली अपेक्षा. इतिहास ती नेहमी पुरी करत नाही.

फौजी नजरेला दिसलेली गोष्ट

या खेळात ‘आर्मी’ नावाचीही एक टोळी आहे. सुरुवातीचा हेतू चांगला : मिळेल ते सर्वांत वाटून घ्यायचं, दुबळ्यांना सांभाळायचं. पुढे हीच टोळी पहिल्या मजल्यावरच्या गरीब, घाबरलेल्या खेळाडूंकडून कराच्या नावाखाली वसुली करू लागते. आपलं नाव कमी होतंय म्हणून कॉर्व्हाट्झ नावाचा एक अधिकारी ७४व्या मजल्यावर डझनभर थकलेली माणसं घेऊन येतो, किरितोकडून नकाशा मागून घेतो आणि विश्रांती न देता, टेहळणी न करता त्यांना राक्षसाच्या खोलीत घुसवतो. माघारीची वाट बंद आहे, हे आत गेल्यावर कळतं. तो स्वतः मरतो आणि दोन जणांना घेऊन मरतो.

बहुतेक प्रेक्षकांना या प्रसंगातून आठवते ती किरितोची दुसरी तलवार. माझं लक्ष त्या दमलेल्या माणसांवर होतं. कमांडरची अब्रू वाचवायला जवानाचा जीव खर्ची पडतो, हे जगातल्या कुठल्याही सैन्याला ठाऊक असलेलं दुखणं आहे.

उत्तरार्ध आणि त्यानंतर

पंधराव्या भागापासून गोष्ट दुसऱ्या खेळात जाते. तिथे मेलं तरी खरं मरण नाही. आणि पुढे होऊन लढणारी असुना पिंजऱ्यात कैद. अनेक प्रेक्षकांनी इथे मालिका सोडली, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे : इतक्या खंबीर व्यक्तिरेखेला केवळ सोडवून आणायची वस्तू करून टाकलं. पालकांसाठी सांगतो, या उत्तरार्धात आणि पुढच्या पर्वांतही स्त्रीवरच्या बळजबरीचे प्रसंग आहेत. लहान मुलांसमोर लावण्याजोगे ते नाहीत.

२०१४च्या दुसऱ्या पर्वाने मात्र रागावलेल्यांपैकी बऱ्याच जणांना परत आणलं. त्यात शिनो ही मुलगी आहे. ११ वर्षांची असताना टपाल कार्यालयातल्या दरोड्यात तिने दरोडेखोराचं पिस्तूल हिसकावून त्यालाच मारलेलं असतं. ते पिस्तूल टाइप ५४, सोव्हिएत टोकारेवची चिनी आवृत्ती. नंतर बंदुकीच्या आकाराचं बोट दिसलं तरी तिला उलटी येते. ती बंदुकांच्या खेळात शिरते ती भीती जिरवायला. किरितोलाही आपल्या हातून मेलेली माणसं इथेच आठवतात, आणि आपण ती विसरलो होतो याचाच त्याला धक्का बसतो. एक परिचारिका त्याला सांगते, की ज्यांना वाचवलंस त्यांचाही विचार कर. शेवटी शिनोसमोर त्या दिवशी वाचलेली बाई येते, लेकीला घेऊन. दरोड्याच्या वेळी ती गरोदर होती.

शत्रूवर गोळी चालवून घरी परतलेला माणूस रात्री काय पाहतो, यावर आपल्याकडे घरात बोललं जात नाही. फौजेतही आता-आता बोलू लागलेत. मुलांच्या मानलेल्या मालिकेने तो विषय एवढ्या जबाबदारीने हाताळावा, याचं मला कौतुक वाटलं. त्याच पर्वातली युकी ही एड्सने मरणाऱ्या मुलीची कथा तर टीकाकारांनाही हेलावून गेली. तिला खेळाबाहेर चालता येत नाही. खेळ हेच तिचं अंगण. तिचं मरण खरं आहे आणि कुठलाही नियम तिच्यासाठी वाकत नाही.

असं यंत्र खरंच होईल का?

मुलं हमखास विचारतात. आजची उपकरणं डोळ्यांना चित्र आणि कानांना आवाज देतात, एवढंच. शरीर तुमच्याच ताब्यात असतं. मेंदूकडून शरीराकडे जाणारे सगळे संदेश अडवून खोटे संदेश आत पोचवणारं शिरस्त्राण नाही. तरी कल्पनेची ओढ बघा. ६ नोव्हेंबर २०२२ला, गोष्टीतल्याच तारखेला, ऑक्युलस या कंपनीचे संस्थापक पामर लकी यांनी जाहीर केलं, की खेळात हरताच वापरणाऱ्याला स्फोटकांनी ठार करेल असं उपकरण आपण बनवलंय. ते वापरलेलं नाही, सध्या कार्यालयातली शोभेची वस्तू आहे, हेही त्यांनी सांगितलं. काही जण हसले, काहींच्या अंगावर काटा आला.

तर मग भांडण कशाचं?

सगळ्या प्रतिक्रिया शेजारी ठेवा, एक धागा सापडतो. साची, शिनो, युकी यांच्यापाशी प्रेक्षक नतमस्तक होतो, कारण तिथे कृतीची पुरेपूर किंमत मोजली जाते. दोन तलवारी, शेवटचा घाव, पिंजरा इथे तो उसळतो, कारण तिथे कथेने किंमत चुकवली किंवा दुसऱ्याच्या माथी मारली. आपली मुलं काय खरं आणि काय फुकटचं हे ओळखत नाहीत, अशी तक्रार आपण मोठी माणसं करतो. हे भांडण वाचलं तर दिसेल, ती फार बारकाईने ओळखतात.

म्हणून घरातल्या मुलाला ‘बंद कर ते कार्टून’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा : किरितोने आपली ताकद साचीपासून लपवायला हवी होती का? उत्तर काहीही येवो, त्यावर अर्धा तास नक्की बोलणं होईल. आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या हातातला फोन बहुधा आपोआप खाली ठेवलेला असेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.