गर्भिणीचा शोथ आणि आपले कर्तव्य

संत तुकाराम नगरातील महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जाण्यापूर्वी कामगारवस्तीतील गर्भिणी पुष्कळदा जवळच्या वैद्याला पायांवरील सूज दाखविते. सुश्रुतांनी सहाव्या मासात गोक्षुरसिद्ध घृत सांगितले असल्याने आपण सहजच गोक्षुराकडे वळतो. परंतु सूज उतरली म्हणजे धोका टळला, असे नव्हे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक आढळल्यास तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. १६०/११०, तीव्र डोकेदुखी, अंधुक दृष्टी वा पोटाच्या वरच्या भागात वेदना असल्यास क्षणाचाही विलंब नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

तेथे काय घडेल, याची कल्पनाही आपणच द्यावी. आजार तीव्र असल्यास झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याने अंगात उष्णता जाणवते, सुईची जागा दुखते. औषधाची मात्रा अधिक होऊ नये म्हणून गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाहतात, नळी घालून मूत्र मोजतात. कारण ठाऊक नसलेली स्त्री यानेच घाबरते व घरी जाण्याचा हट्ट धरते. व्याधीचे मूळ अपरेत असल्याने प्रसूती हाच खरा उपाय; कधी ती मुदतीपूर्वीही करावी लागते. प्रसूतीनंतरही काही दिवस धोका राहतो.

औषधविक्रेत्या बंधूंनीही ध्यानी घ्यावे, की यष्टिमधूच्या सेवनाने रक्तदाब वाढू शकतो. वैद्याच्या सल्ल्यावाचून गर्भिणीस त्याचे कल्प देऊ नयेत. आपल्या चिकित्सालयातील रक्तदाबमापक यंत्र प्रत्येक गर्भिणीसाठी वापरले जावे, एवढीच आमची विनंती.