खिडकीवरच्या पाटीत काय लिहावं?

आमच्या बचत गटाकडून पापड-कुरडया नेणाऱ्या ११ गिऱ्हाइकांना एका दुपारी एकदम निरोप गेला, ‘आपली रक्कम बाकी आहे, लवकर भरावी.’ त्यातल्या एकीने सकाळीच पैसे दिले होते, नोंद तेवढी व्हायची होती. आणि एका घरी त्या दिवशी तेरावं होतं. आमच्यापैकी कुणीच तो निरोप पाठवला नव्हता. पाठवला होता संगणकावरच्या एआय मदतनिसाने, आणि चूक मात्र सगळी आमची होती. ती कशी, ते कळायला हे काम आतून कसं चालतं ते आधी बघू.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे आपोआप चालणारी कामाची साखळी. ऑर्डरचा फॉर्म भरला की गूगल शीटमध्ये नोंद होते, मग बिल तयार होतं, मग गिऱ्हाइकाला निरोप जातो. अशा साखळ्या बसवायची सॉफ्टवेअर असतात. आमच्याकडे आहे ते एन-एट-एन, बर्लिनचं. साखळी मोठी इमानी, पण तिला बोलणं कळत नाही. ‘खालच्या आळीतल्या वहिनींचं काय राहिलंय गं?’ असं तिला विचारून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एआय मदतनीस. त्याला आपलं मराठी बोलणं कळतं, पण हात नाहीत. आपली वही त्याने पाहिलेली नसते, आणि कधीकधी माहीत नसलं तरी तो अंदाजाने ठोकून देतो. ही त्याची खोड लक्षात ठेवा.

या दोघांना जोडतो टूल सर्व्हर. बँकेतली खिडकी डोळ्यांसमोर आणा. आपण तिजोरीपर्यंत जात नाही. स्लिप भरतो, खिडकीत देतो, आतलं काम आतली माणसं करतात आणि पैसे बाहेर येतात. मदतनीस तसाच खिडकीशी येतो आणि आधी विचारतो, ‘इथे कोणकोणती कामं होतात?’ सर्व्हर यादी देतो. प्रत्येक कामाचं नाव, ते काय करतं याचं दोन ओळींचं वर्णन, आणि स्लिपवर काय भरायचं ते, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव, तारीख असं. मदतनीस त्यातलं एक काम निवडून स्लिप भरतो. सर्व्हर ती साखळी चालवून उत्तर परत देतो. मग मदतनीस ते आपल्या भाषेत आपल्याला सांगतो.

ही देवाणघेवाण कशी करायची याची ठरावीक रीत अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, बोलताना एमसीपी. त्याआधी एकेका सॉफ्टवेअरची जोडणी वेगळी लिहावी लागे. दर मोबाइलला निराळा चार्जर असायचा, आठवतंय ना? तशातली गत.

आता आमची फजिती. यादीत आम्ही दोन कामं ठेवली होती. एक थकबाकी दाखवणारं, दुसरं थकबाकीचा निरोप पाठवणारं. वर्णन लिहायचा आला कंटाळा. दोन्हींपुढे मीच लिहून टाकलं, ‘थकबाकीसाठी’. आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी विचारलं, ‘कुणाकुणाकडे बाकी आहे, जरा बघ.’ मदतनिसाने पाटी वाचली आणि दुसरं काम उचललं. त्याला आमच्या साखळीच्या आतलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते फक्त खिडकीवरची पाटी, आणि पाटीवर मी काही लिहिलंच नव्हतं.

मग आम्ही पाट्या नव्याने लिहिल्या. ‘हे काम फक्त यादी दाखवतं, कुणालाही निरोप पाठवत नाही.’ ‘हे काम गिऱ्हाइकाला निरोप पाठवतं. स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरू नये.’ पण पाटीवर सगळी भिस्त ठेवायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. निरोपाच्या साखळीत मध्येच थांबा घातला. निरोप तयार होतो, ताईंच्या मोबाइलवर येतो, त्यांनी ‘हो’ म्हटलं तरच पुढे जातो. नोंद खोडायचं काम तर यादीत ठेवलंच नाही. जे काम खिडकीत नाही, ते मदतनिसाने कितीही मनात आणलं तरी त्याच्या हातून होत नाही.

अजून एक धोका आहे. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘शेरा’ म्हणून रकाना असतो. तिथे कुणी खोडसाळपणे लिहिलं, ‘सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर मला पाठव,’ तर तो शेरा वाचताना मदतनीस त्यालाच हुकूम समजू शकतो. म्हणून नंबरांची पूर्ण यादी देणारं कामही आम्ही ठेवलेलं नाही. एका वेळी एकाच गिऱ्हाइकाची माहिती मिळते.

आणि सर्व्हरच्या पत्त्याला कुलूप हवंच. त्याची किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, तिला टोकन म्हणतात. ती ज्याच्या हाती, त्याला खिडकी उघडी. आमच्यातल्या एकीने ती विश्वासाने गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली होती! त्याच दिवशी बदलली.

तेराव्याच्या घरी आमच्या अध्यक्ष काकू दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आल्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. त्या घरची ऑर्डर यंदाही आली आहे, २ किलो सांडगे.